‘कीप’चे पुठ्ठे

माझी बायको जाऊन आता चार महिने होतील. ती शाळेत इंग्रजी शिकवायची, मी कॉलेजच्या ग्रंथालयात होतो. तिनं बोलायचं आणि मी पुस्तकं लावायची अशी आमच्या घरातली वाटणी होती, आणि ती आम्हा दोघांनाही कधी जाचली नाही. निवृत्तीनंतर मी घरी बसून वाचू लागलो. ती घरी बसून पुन्हा शिकवू लागली. रोज संध्याकाळी पाच ते सहा, आमच्या पुढच्या खोलीत, शाळेचे गणवेश शिवणाऱ्या आणि पॅकिंग करणाऱ्या बायकांना.

तिची शिकवायची रीत मला शेवटपर्यंत पटली नव्हती. एका वर्षाला एकच शब्द. बायका पहिल्या दिवशी वह्या घेऊन आल्या, त्यांना वाटलं आता ए फॉर ॲपल होणार, आणि हिनं फळ्यावर ‘टेक’ लिहून वर्षभर तेच चालवलं. दुसऱ्या वर्षी ‘पुट’. मी म्हटलं, “अगं, भाषेत लाखभर शब्द असतात.” ती म्हणाली, “तुझ्या लायब्ररीत लाखभर पुस्तकं होती. माणूस घरी एकच नेतो ना?”

यंदाचा शब्द होता ‘कीप’. के, दोन ई आणि पी.

पुठ्ठे बायकाच आणून द्यायच्या. शर्टाच्या घडीत जो पुठ्ठा घालतात, त्यातले कडा दुमडलेले, कामातून गेलेले. एका बाजूनं पांढरे, एका बाजूनं राखाडी. पांढऱ्या बाजूवर ती एक वाक्य लिहायची, मागे मराठी अर्थ. मग कोपऱ्यात भोक पाडून त्यात सुताचा बोटभर धागा ओवायची. कुठल्या पुठ्ठ्याला निळा, कुठल्याला हिरवा, कुठल्याला लाल. धागे मी रोज पाहत होतो. ते कशासाठी आहेत हे एकदाही विचारलं नाही. बायको काहीतरी करत असायची आणि मी वाचत असायचो, त्यामुळे विचारायचं राहून गेलं, असं आता बऱ्याच गोष्टींबद्दल म्हणावं लागतं.

ती झोपेतच गेली. दुसऱ्या दिवशी तिच्या विद्यार्थिनी पिठलं-भाकरी घेऊन आल्या. मंद्रूपकडच्या एक बाई आहेत, वयानं माझ्याहून थोड्या लहान, त्यांनी माझ्यासमोर ताट ठेवलं आणि म्हणाल्या, “लायब्ररी सर, खावा. मॅडमनी बघितलं तर आमाला रागवतील.” मला तेव्हा हसू आलं होतं. त्या दिवशी हसू यायला नको होतं, पण आलं.

चौदाव्या दिवशी पाच वाजता दाराची कडी वाजली. तिच्या तिन्ही विद्यार्थिनी उभ्या होत्या. हातात वह्या.

मी म्हटलं, “अहो, आता मॅडम नाहीत.”

“म्हाईत हाय की,” मंद्रूपच्या बाई म्हणाल्या. “पण पाच वाजले. घरात बसवंना.”

दुसरी, जिच्या नवऱ्याची बेकरी आहे, ती चपला काढून आत आलीसुद्धा. “सर, आप बैठो. हम खुद पढ लेते. तुम्ही फक्त फळा पुसून द्या.”

तिसरी वही छातीशी धरून उंबऱ्यातच थांबली. ती तिघींत सगळ्यांत लहान, तेलुगू विणकरांच्या घरातली सून. सासऱ्यांचा चार मागांचा छोटा कारखाना आहे, घरी ती मशीनवर बसून गणवेशांच्या कॉलरी जोडते. तिच्या घुटमळण्याचं कारण मला माहीत होतं, कारण माझ्या बायकोनं तिला एक शब्द दिला होता. शहरातल्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात काउंटरवर बसायला मुलगी हवी होती. मराठी, तेलुगू, हिंदी हिला येतच होतं. इंग्रजी बोलता आलं पाहिजे अशी अट होती. बायकोनं तिच्या सासूच्या घरी जाऊन सांगितलं होतं, “मुलाखतीपर्यंत मी हिला तयार करते.” सासू म्हणाली होती, “एकदाच. न्हाय झालं तर परत कॉलरी, आणि ही इंग्रजीची वही माळ्यावर.”

मुलाखत तीन आठवड्यांनी, एका शनिवारी होती.

मी त्या दिवशी फळा पुसून दिला. दुसऱ्या दिवसापासून मी खुर्ची ओढून त्यांच्यात बसू लागलो.

आता माझ्या मूर्खपणाकडे येतो. हे मी मुद्दाम सावकाश लिहितो आहे, नाहीतर मला ते पटकन उरकून टाकायचा मोह होईल.

कपाटाच्या तळाशी चपलेच्या खोक्यात ‘कीप’चे पुठ्ठे होते. शहाण्णव. मी ते काढले तेव्हा मला वाटलं, किती पसारा आहे हा. कशाचा कशाला मेळ नाही. ‘कीप क्वाएट’च्या खाली ‘माय ब्रदर कीप्स शीप’, त्याच्या खाली ‘कीप द ब्रेड ड्राय’. जन्मभर मी पसारा लावायचं काम केलं. कॉलेजात संगणक आले तेव्हा पुस्तकांच्या सूचीच्या कार्डांचे जुने लाकडी खण भंगारात निघाले होते, त्यातला एक मी घरी आणून ठेवला आहे. बायको त्यात लिंबं ठेवायची. मी लिंबं काढली, खण पुसला आणि आठ दिवस लावून ‘कीप’चं वर्गीकरण केलं.

ते आठ दिवस फार चांगले गेले, हे कबूल केलं पाहिजे. ती गेल्यापासून मी पहिल्यांदाच एका जागी बसून काहीतरी नीट करत होतो. आणि शब्द तरी काय निघाला! वस्तू ठेवून घेणं हा त्याचा साधा अर्थ. पण पुढे विशेषण आलं की तो म्हणजे एखाद्या अवस्थेत राहणं किंवा ठेवणं: शांत राहा, कोरडं ठेव. पुढे ‘आयएनजी’वालं क्रियापद आलं की थांबायचं नाही, करतच राहायचं: चालत राहा, बोलत राहा. पुढे ‘ऑफ’ लागला की दूर राहा, ‘फ्रॉम’ लागला की कुणालातरी कशापासून तरी अडवा, ‘अप’ लागला की मागे पडू नका. शिवाय तो नामही आहे. पोटापुरतं मिळवणं म्हणजे आपला ‘कीप’ मिळवणं, आणि जुन्या किल्ल्यांमध्ये सगळ्यांत आतला, सगळ्यांत भक्कम बुरूज असतो त्यालाही ‘कीप’ म्हणतात. आपल्या गावच्या भुईकोट किल्ल्यात असा बुरूज कोणता म्हणायचा, यावर माझी एक अख्खी दुपार गेली.

एका गोष्टीनं तर मी उठून येरझाऱ्या घातल्या. मराठीत आपण उपास पाळतो, वेळ पाळतो, दिलेला शब्द पाळतो आणि मेंढ्याही पाळतो. इंग्रज या चारही ठिकाणी ‘कीप’ म्हणतो. कुठला तो मुलूख आणि कुठला हा, आणि दोघांनाही वाटलं की दिलेल्या शब्दाला मेंढीसारखं रोज चारापाणी बघावं लागतं. हे मी तिला सांगायला आतल्या खोलीच्या दारापर्यंत गेलो. मग परत येऊन खुर्चीत बसलो.

तर, वर्ग पाडले: सकर्मक, अकर्मक, विशेषणासह, क्रियापदासह, अव्ययांसह, नाम. प्रत्येक पुठ्ठ्याच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं क्रमांक घातला. एकच अडचण होती. धाग्यांमुळे पुठ्ठे खणात सरळ उभे राहीनात. एकमेकांत अडकायचे. मग मी कात्री घेतली आणि सगळे धागे कापून टाकले. फेकले नाहीत, एवढं ग्रंथपालाचं शहाणपण शिल्लक होतं. एका बशीत ठेवले.

सोमवारी संध्याकाळी मी मोठ्या अभिमानानं खण त्यांच्यासमोर ठेवला. मुलाखतीला पाच दिवस होते.

विणकरांची सून पुढे वाकली. तिनं खण पाहिला, मग बशी पाहिली. “सर, माझे लाल कुठं आहेत?”

“लाल काय?”

“लाल धाग्याचे. मॅडम म्हणाल्या होत्या, तुझे लाल तयार करते, झाले की एकदम देते.”

मग तिनं मला समजावून सांगितलं, अगदी हळू, जसं लहान मुलाला सांगतात. त्यांच्या कारखान्यात एकाच मागावर दोन पाळ्यांत दोन माणसं विणतात. पाळी बदलली की नवा विणकर कापडाच्या काठाला आपल्या रंगाचा धागा बांधतो. तिथपासून पुढचं कापड त्याचं. हे तिनं मॅडमना सांगितलं होतं, मॅडमना ते फार आवडलं, आणि तेव्हापासून त्यांनी प्रत्येकीला एक रंग दिला. मंद्रूपच्या बाईंना निळा, बेकरीवालीला हिरवा, हिला लाल. जिला जे बोलायची गरज, तिच्या धाग्याला ते वाक्य. सूतही हिच्याच घरून यायचं.

“म्हंजे,” मंद्रूपच्या बाई बशीकडे बघत म्हणाल्या, “सरांनी समद्यांचं कापड एकत्र करून ठिवलं.”

“वो भी नंबर डालके,” बेकरीवाली म्हणाली.

मी बशी जवळ ओढली. मला एवढंच दिसत होतं की त्या मुलीच्या हातात पाच दिवस आहेत, माझ्या बायकोनं तिला शब्द दिला होता, आणि तो शब्द मी कात्रीनं कापून बशीत ठेवला आहे.

सुनेचे डोळे भरून आले होते, पण ती रडली नाही. तिनं विचारलं, “आता कसं ओळखायचं? लाल तर मी बघितलेच नव्हते.”

यावर उपाय काढला मंद्रूपच्या बाईंनी. त्या उठल्या, दिवाणावरची चादर ओढून जमिनीवर अंथरली आणि खणातले सगळे पुठ्ठे तिच्यावर ओतले. माझे आठ दिवस त्या चादरीवर सांडलेले पाहून मला खरं तर बरं वाटलं.

“आपापलं उचला,” त्या म्हणाल्या. “आपली मेंढरं आपल्याला वळखू येत्यात की. आमचं झालं की जे ऱ्हाईल ते हिचं.”

आणि त्या उचलू लागल्या. मी वाचायचो आणि त्या झडप घालायच्या.

“माय ब्रदर कीप्स शीप.”

“ह्ये माजं! आनि कुनाचा भाऊ मेंढरं राखतोय हितं?” मंद्रूपच्या बाईंची धाकटी सून केरळची, बंगळूरला असते, तिला मराठी येत नाही आणि बाईंना मल्याळम. दोघींनी भेटायचं ते इंग्रजीतच. “सुनंसंगं भांडायचं तर भाषा पायजे का नगं?” असं त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या.

“कीप द ब्रेड ड्राय.”

“मेरा. नक्को हात लगाव.”

“आय कान्ट कीप अप विथ द होमवर्क.”

“ये भी मेरा. मुलीच्या शाळेत मीटिंग असते ना, तिथं बोलायला. मॅडमना म्हटलं, मला भीती वाटते, तर म्हणाल्या, भीती वाटते हे पण इंग्लिशमध्येच सांग.”

“डोन्ट कीप सेइंग सॉरी.”

यावर भांडण झालं. दोघीही तो आपला म्हणू लागल्या. मंद्रूपच्या बाईंचं म्हणणं, त्यांची सून फोनवर सारखी सॉरी म्हणते म्हणून तो त्यांचा. बेकरीवाली म्हणाली, शाळेतल्या टीचरसमोर ती स्वतःच सारखी सॉरी म्हणत होती, म्हणून मॅडमनी तो तिला दिला. शेवटी विणकरांची सून पहिल्यांदा हसली आणि म्हणाली, “द्या की त्यांना. किती वेळा सॉरी म्हणाल?” तो हिरव्यात गेला.

तासाभरानं चादरीवर बावीस पुठ्ठे उरले. मी बशीतले लाल धागे मोजले. सतरा. म्हणजे पाच जास्त. तिघीही माझ्याकडे पाहू लागल्या आणि मी पुन्हा घाबरलो. मग सुनेनंच एक पुठ्ठा उचलून उजेडाकडे धरला. “ह्याला भोकच नाही.”

भोक नसलेले पाच होते. त्यांचा धागा मी कापलेला असणं शक्यच नव्हतं. त्यांना कधी धागा लागलाच नव्हता. ते बाजूला काढले आणि सतरा पुठ्ठे तिच्या मांडीवर ठेवले.

तिनं पहिला वाचला. “प्लीज कीप युअर चिन हिअर.” दुसरा. “कीप बोथ आइज ओपन.” तिसरा. “कीप लुकिंग ॲट द रेड लाइट.”

मला एकदम कळलं. गेल्या वर्षी बायकोच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आम्ही तशाच एका दवाखान्यात गेलो होतो. काउंटरवरच्या मुलीला तिनं इतके प्रश्न विचारले की मी लाजून दूरच्या बाकावर जाऊन बसलो होतो. “मागे लाइन आहे,” असं तिथून खुणावत होतो. बायको औषधाच्या चिठ्ठीमागे काहीतरी लिहीत होती. मला वाटलं, थेंब किती वेळा घालायचे ते लिहिते आहे.

पुढे आणखी होते. फाइल सोबत ठेवा. पाणी डोळ्यापासून दूर ठेवा. तुम्हाला कळवत राहीन. शेवटच्या लाल पुठ्ठ्यावर लिहिलं होतं, ‘माय मदर-इन-लॉ कीप्स हर वर्ड, अँड सो डू आय.’ तो सुनेनं दोनदा वाचला. मग म्हणाली, “हे दवाखान्यात कुठं बोलायचं?”

“घरी,” मी म्हणालो.

पुढच्या चार संध्याकाळी मी पेशंट होतो. टेबलावर दोन जाडजूड शब्दकोश ठेवून मी त्यावर हनुवटी टेकायचो. लाल दिवा म्हणून समोर मच्छर पळवायच्या मशीनचा ठिपका. ती म्हणायची, “कीप युअर चिन हिअर, सर.” मी मुद्दाम हनुवटी काढायचो आणि इंग्रजीत कुरकुर करायचो की फार वेळ लागतो, माझी गाडी चुकेल. मंद्रूपच्या बाई माझ्या नातेवाईक म्हणून बाकावर बसायच्या आणि मध्येच मराठीत ओरडायच्या, “अगं पोरी, म्हातारं आंधळं हुयाच्या आत बघ की त्याला!” बेकरीवाली रोज खारी आणायची. इतकं हसणं त्या खोलीत झालं की शेजारच्या वहिनी शुक्रवारी डोकावून गेल्या, सगळं ठीक आहे ना हे बघायला. घरात दुःख असताना असं हसावं का, हा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर होता. माझ्याही मनात तो आला होता. पण हा वर्ग तिचा होता, आणि तिच्या वर्गात नेहमी असंच चालायचं. आतल्या खोलीत पुस्तक धरून मी ते ऐकत असायचो आणि दार लोटून घ्यायचो.

शनिवारी दुपारी चार वाजता सून एकटीच आली. साडी नवी, चेहरा घामानं ओला.

“काय झालं?”

“सर, पहिला प्रश्न तेलुगूतच विचारला! डॉक्टरांच्या मिसेस आमच्यासारख्या तेलुगूच निघाल्या. मी म्हटलं, झालं, आता लाल कशाला लागतात. तेवढ्यात काउंटरवरचा फोन वाजला. त्या म्हणाल्या, घे तू. विमा कंपनीचा माणूस, सगळं इंग्लिश. भराभर.”

“मग?”

तिनं एक श्वास घेतला आणि म्हणून दाखवलं, “सर, प्लीज कीप होल्डिंग, प्लीज कीप द पेपर रेडी, आय विल कीप यू इन्फॉर्म्ड.”

“एका दमात?”

“एका दमात. मग फोन ठेवला. डॉक्टर हसायलाच लागले. म्हणाले, ही मुलगी ‘कीप’शिवाय काही बोलते का? मी सांगितलं, मागच्या वर्षीचं ‘पुट’ पण येतं.”

एक महिना बघू, मग कायम करू, असं त्यांनी सांगितलं होतं. ती बातमी सांगून उठली आणि दारात थांबली. “सासूबाईंना सांगितलं. त्यांनी नुसती मान हलवली. लई भीती वाटायलीय.”

सोमवारी पाच वाजता मी खुर्ची ओढून बसलो. सून कामाला गेलेली, त्यामुळे दोघीच येतील असं वाटलं होतं. पण मंद्रूपच्या बाईंच्या मागे आणखी एक बाई दारात उभी होती. साठीच्या पुढची, हातात कापडी पिशवी, चेहरा करडा. मी सासूबाईंना पूर्वी पाहिलं नव्हतं तरी ओळखलं. आता शब्द फिरवायला आल्या असतील, या विचारानं मी उभा राहिलो.

“बसा की सर,” त्या म्हणाल्या आणि स्वतःही बसल्या. पिशवीतून शेंगाचटणीची बरणी काढून टेबलावर ठेवली. “सून जाईना का कामाला. मी बोलले म्हंजे बोलले. माजं येगळंच हाय.”

“सांगा.”

“नात हाय माजी, पाचवीत. इंग्लिश मीडियम. मी काय सांगाय गेले की मला म्हनती, ‘आज्जी, कीप क्वाएट.’ सुनंला इचारलं म्हंजे काय, तर ती नुसती हसती. ह्येला उलटं काय म्हनायचं त्येवढं शिकवा.”

बेकरीवालीनं तोंडाला पदर लावला. माझ्या बायकोचा पहिल्या दिवशीचा प्रश्न असा असायचा: तुला इंग्रजीत कुणाशी काय बोलायचं आहे? या बाईंनी त्याचं उत्तर न विचारताच दिलं होतं.

भोक नसलेले पाच पुठ्ठे मी टेबलाच्या खणात ठेवले होते. त्यांतल्या चारांवरची वाक्यं अर्धीच राहिली होती. पाचव्यावर बायकोच्या अक्षरात एक पूर्ण वाक्य होतं, कुणाचंही न झालेलं. ‘कीप टॉकिंग, आय ॲम लिसनिंग.’ बोलत राहा, मी ऐकते आहे. गेला आठवडाभर तो पुठ्ठा मी रोज काढून पाहत होतो. तो माझ्यासाठी होता का, याचा विचार करत होतो. मला धागा नव्हता. तिचं-माझं सगळं मराठीत झालं होतं.

मी तो सासूबाईंच्या हातात दिला आणि मागचा अर्थ वाचून दाखवला.

त्यांनी पुठ्ठा उलटा-सुलटा केला. “ह्ये ती मला म्हनंल का मी तिला?”

“आधी तुम्ही तिला म्हणा. ती गांगरेल.”

“बरं हाय,” त्या म्हणाल्या. “आनि धागा? सून म्हनली, धागा मिळतो.”

मी कोपऱ्यात भोक पाडलं. त्यांनी पिशवीच्या तळातून पिवळ्या सुताची गुंडी काढली, त्यांच्या कारखान्यातली, त्यांच्या नवऱ्याचा रंग. मी धागा ओवून गाठ मारू लागलो. त्यांनी थोडा वेळ पाहिलं, मग माझ्या हातातून पुठ्ठा ओढून घेतला.

“सर, ही गाठ न्हवं, गुंता हाय. बघा हिकडं.”

आणि अंगठा नि बोटाच्या चिमटीत त्यांनी एक बारीक गाठ मारली, हात फिरवला तरी लागू नये अशी. मी म्हटलं, पुन्हा दाखवा. त्यांनी ती सोडवली आणि पुन्हा मारली. तिसऱ्या वेळी ती मला जमली.